सरदार पडला की उठायचं

तीर्थरूप महिपतीभाऊ,

धाकट्या हौशीरामाचा लोहगडवाडीहून दंडवत. गुडघा काय म्हणतोय? बेडशाला लेकीकडं सुखात असाल (चहात साखर कमी घालत्यात म्हणं, ते काय बरं न्हाई). आमी ठीक. सुरतेची नात अपेक्षा सुट्टीला आलीया, रविवारी माघारी जाणार.

तिला महाराजांचा पिक्चर दाखवावा म्हणून आमी सगळी वाडी गोरखच्या जीपमधनं खेपा करून लोणावळ्याला गेलतो. पडद्यावर महाराज नुसते पाठमोरे दिसले, अन् आमी अंधारात चपला काढल्या (तुमच्या भावजयीची एक अजून सापडली न्हाई). पोर विचारती, "आजोबा, हे कोण? नाव तर सांगितलंच नाही!" खरंच की! पिक्चरवाल्यानं कुणाचंच नाव-गाव सांगितलं न्हाई. बघणाऱ्याला आधीच सगळं ठाऊक, असं धरूनच चाललेला गडी. मग मीच उभा राहून सांगाया लागलो: ह्यो सरदार, ही त्याची बायको, ह्यो फितूर, गोड बोलतोय त्यावर जाऊ नको. मागची माणसं लय चिडली. पर भाऊ, जत्रेच्या तंबूत ह्याच गोष्टीचा जुना पिक्चर लागायचा, भोंगा नुसता खरखरायचा, तवा तुमी पडद्याच्या कडंला उभं राहून असंच सांगायचा की! ती भुईमुगाची टरफलं, ती धूळ, अन् तुमचा तो आवाज. थेटरात बसून लय आठवण आली हो.

पुढं सरदार पडला. अन् आख्खी वाडी डोळं पुशीत उठून दाराबाहेर! तंबूत तुमी तितंच हुंदका देऊन मटकन खाली बसायचा, सांगणाराच गप झाला म्हणून आमी घरला निघायचो. तीच सवय. अपेक्षा मागनं वरडत आली, "अहो, पिक्चर बाकी आहे!" बाहेर वडापाव खाताना म्हणती, मग गड घेतला कसा? त्याच्या बायकोचं काय झालं? आमाला गड आपला झाला येवढंच ठाऊक, पुढचं कुणी कधी ऐकलंय? तुमच्या रडण्यापायी आख्खी वाडी अर्धवट राहिली बगा!

मोबाइलमधी बघ म्हटलं, तर पोर हटून बसलीया: "त्या महिपती आजोबांकडूनच ऐकणार."

तुमचा,
हौशीराम

ता.क. पिक्चरचं काय मनाला लावून घेऊ नका, फालतूच होता.

आणखी ता.क. शनिवारी गोरख जीप घेऊन बेडशाला येतोय. वहिनी गेल्यापास्नं तुमी कुणाशी धड बोलत न्हाई, ठाऊक हाय मला. तरी या. रडू आलं तर खुशाल रडा, दम खा, अन् मग पुढचं सांगा. औंदा आमी कुणी उठणार न्हाई.