सासूबाईंची सीट

७ मार्च

सासूबाई आजही गाडीतून उतरल्या! गल्लीच्या तोंडापर्यंतसुद्धा गेलो नव्हतो. "थांबवा हो जावईबापू, माकडहाड गेलं माझं!" गेल्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरला, तेव्हापासून हे असं. तिकडे त्यांची धाकटी बहीण दवाखान्यातून घरी आलीये. उठवत नाही, सोबतीला कोणी नाही. "ताईला एकदा बघायचंय" — निरोपावर निरोप. वाट तीन तासांची. त्यात दोघी बहिणींचं कैक वर्षं बोलणं नाही. का, ते हिलाही, म्हणजे पोटच्या मुलीलाही, ठाऊक नाही.

ही रडली. म्हटलं, सीटच नवी करतो. जन्मभर सोफे दुरुस्त केले, एक सीट ती काय!

८ मार्च

माझ्या शेजारची पुढची सीट बाहेर काढली. एका गंजलेल्या बोल्टने अख्खी सकाळ खाल्ली. खोळ सोलली तर फोमला मधोमध हा खळगा! खालची तार थेट हाताला लागते. हाड दुखेल नाहीतर काय होईल?

१० मार्च

दुकानातला सगळ्यात मऊ फोम भरला. सासूबाई बसल्या आणि खाली, खाली, खालीच गेल्या! गुडघे हनुवटीला. "जावईबापू, काचेतून नुसतं आभाळ दिसतंय." ही पोट धरधरून हसली. मी नाही हसलो.

११ मार्च

सगळा फोम फाडून टाकला. दुकान लवकर बंद केलं.

१३ मार्च

नुसतं मऊ करून भागत नाही! अंग बुडतं आणि हाड शेवटी तळाला टेकतंच. खाली घट्ट थर हवा, वर मऊ, आणि माकडहाडाखाली खाच — तिथे काही टेकताच कामा नये.

सासूबाईंना दुकानात बाकावर बसवलं आणि खालचे तुकडे बदलत राहिलो. "आता?" "टोचतंय." "आता?" "टोचतंय." एकदा तर मी तुकडा काढला आणि तोच परत ठेवला. "अगंबाई, हे तर जास्तच टोचतंय!" वैतागल्या असतील बिचाऱ्या.

१६ मार्च

खोळ शिवली, उसवली, परत शिवली. सीट बसवून गाडी चालू केली तर गाडीच कोकलायला लागली — पट्टा लावा, पट्टा लावा! सीटवर चिटपाखरू नाही! फोमखाली एक पातळ पट्टी असते, माणूस बसलंय हे तिला कळतं. मी फोम इतका ठासला होता की तिला वाटलं, बसलंय कोणीतरी. परत सगळं खोला.

ही म्हणाली, "पुरे आता. आईला नाही जमत, तर नाही जमत." म्हटलं, तुझी मावशी वाट बघतेय. सोडणार नाही.

१८ मार्च

जमली! सासूबाई बसल्या. एकदा डावीकडे सरकल्या, एकदा उजवीकडे. टोचेल अशी जागाच सापडेना. "कसं वाटतंय?" त्यांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "बरं आहे." आणि चेहरा एवढासा झाला. मला वाटलं होतं, खूश होतील!

उद्या निघायचं.

१९ मार्च

सासूबाई वाटभर पिशवी छातीशी धरून समोर बघत बसल्या. दोनदा विचारलं, दुखतंय का? नुसती नाही म्हणून मान हलवली.

मावशी खाटेवर होत्या. सासूबाई उंबऱ्यातच थांबल्या. मागून ही, तिच्या मागे मी, कोणालाच आत जाता येईना! शेवटी मावशीच बोलल्या, "किती जाड झालीस गं ताई."

"आणि तू काय हे! काडी झालीये काडी!"

पुढचं काही ऐकू आलं नाही. दोघी एकदमच रडायला लागल्या. मी बाहेर येऊन उगाच गाडीची काच पुसत बसलो.

२० मार्च

मावशींना घरी घेऊन आलो. पुढची सीट त्यांना दिली, वाटभर छान झोपल्या. सासूबाई मागे बसल्या — मागच्या सीटला मी अजून हातही लावलेला नाही, तिथेही तसाच खळगा. पुढे वाकून, बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून, तीन तास. माकडहाडाचं नावसुद्धा काढलं नाही.