आईला काढा द्यावा की नाही?

प्रिय बाबा,

दोन दिवसांपासून आई खोकून राहिलीय. तिला काढा करून द्यावा की नाही, हेच मला ठरवता येत नव्हतं. असलं काही तुम्हालाच विचारायची सवय. आणि तुमच्यामुळेच तर हा साधा प्रश्न एवढा अवघड झालाय! म्हणून लिहायला बसले.

आपल्या गावी, जवळा बाजारला, थंडी पडली की तुमचं पातेलं गॅसवर चढायचं. नाक गळत असेल तर गवती चहा आणि आलं, घसा बसला तर ज्येष्ठमध, छातीत कफ असेल तर अंगणातला अडुळसा. ग्रामपंचायतीतली कारकुनी संपल्यावर तुम्हाला हाच उद्योग. "पी, अंगात ताकद येती," म्हणत सगळ्या गल्लीला पाजायचात. आम्ही तोंड वाकडं केलं की हातावर गुळाचा खडा!

गेल्या हिवाळ्यात तुम्हालाच खोकला लागला. मी हिंगोलीहून फोन करायचे, तर एकच उत्तर. "काही न्हाई गं, सर्दी हाय. काढा घेऊन राहिलो नं."

ताप लपवलात. ओटा चढताना धाप लागत होती, तेही आईला मला सांगू दिलं नाहीत. काहून, बाबा? दवाखान्याची एवढी भीती होती का? शेवटी उचलूनच न्यावं लागलं, तेव्हा दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया पसरला होता. "जरा आधी आणायचं होतं," डॉक्टर म्हणाले. ते वाक्य अजून माझ्या कानातून जात नाही.

तुम्ही गेल्यावर आईने अडुळसा मुळासकट उपटून टाकला. मग मी तिला माझ्याकडे आणलं. परवा तुमच्या नातीला, सईला, सर्दी झाली म्हणून मी आलं आणि गवती चहा उकळला. आईने पातेलं उचलून मोरीत ओतलं!

"त्या पाण्यानंच माणूस गेलं माझं!"

सई घाबरून रडायला लागली. पाण्यानं नाही गं, हट्टानं गेले, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळून टाकलं.

आणि मग आईचाच खोकला सुरू झाला. काढा नको, गरम पाणी नको, डॉक्टर तर नकोच. "काही न्हाई, सर्दी हाय," म्हणाली. तुमचेच शब्द!

आज सकाळी भांडून तिला रिक्षात बसवलं. डॉक्टरबाईंनी छाती तपासली, बोटाला चिमट्यासारखं यंत्र लावलं. "साधी सर्दी आहे, आजी. आलं, तुळस, गवती चहा, जे आवडेल ते गरम-गरम घ्या. घशाला बरं वाटेल. पण ताप चढला किंवा धाप लागली, तर चहाच्या भरवशावर घरी थांबायचं नाही."

मी सुटकेचा श्वास टाकला. आई मात्र जागची उठेना. बोटावरच्या त्या यंत्राकडेच बघत होती.

"एवढंच करायचं होतं व्हय?" ती म्हणाली. "एवढं करू दिलं असतं त्यायनं..."

आणि बाबा, त्या परक्या बाईसमोर पदर तोंडात धरून ती रडली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा.

घरी आल्यावर स्वतःहूनच म्हणाली, "कर बाई आल्याचं काहीतरी, घसा दुखून राहिला." मी केलं. दोन घोट घेतले आणि कप खाली ठेवला. त्याच्यापुढे तिला जाईना. मीही आग्रह केला नाही.

मला तुमची फार आठवण येते, आणि तुमचा रागही येतो. दोन्ही एकदमच. याचं काय करू?

एक वचन मात्र देते. या घरात कुणाचा श्वास जड झाला, तर मी कुणाचंच ऐकणार नाही. रुसू देत, ओरडू देत, मी हात धरून नेईन. तुमचा हात मला धरू दिला नाहीत, बाबा. आईचा मी सोडणार नाही.

तुमची,
नंदा