जोडीदाराने ‘थांब’ म्हटलं तर

शनिवार, ५ एप्रिल

कामशेत. पॅराग्लायडिंगच्या कोर्सचा पहिला दिवस. सकाळी आकुर्डीहून लोकल, स्टेशनवरून सरांची जीप. घरी सांगितलेलं नाही. आईचा फोन आला तेव्हा ‘कामात आहे’ म्हटलं. ती समजली कंपनीत आहे. मी दुरुस्त केलं नाही. दिवसभर तेच टोचत होतं.

बाळू सर इथल्याच गावचे. पन्नाशी उलटलेली, आवाज डोंगरावर ओरडून घोगरा. हवेत न्यायच्या आधी त्यांनी नियम सांगितला : “आपल्या मांडीखालचं पट्टं, पाठीमागची दोरी आपल्याला दिसत न्हाई. ते जोडीदारानं हात लावून बघायचं. आन् जोडीदार ‘थांब’ म्हनला की थांबायचं. का म्हनला, ते मागनं.”

मग म्हणाले, जोड्या करा.

हे वाक्य मला कधीच सहन झालेलं नाही. पाचवीत पहिल्यांदा शाळेत गेले तेव्हाही बाईंनी हेच म्हटलं होतं. त्याआधी धरणाच्या कॉलनीत आईच शिकवायची, स्वयंपाकघरात, मी एकटी पोर. बेरीज वरून खाली केली की खालून वर करून बघायची, शुद्धलेखन आरशासमोर मोठ्याने वाचायचं. सगळं नीट शिकले. फक्त कोणाशेजारी बसायचं कसं, ते राहून गेलं.

आजही हेल्मेटचा पट्टा उगाच सैल-घट्ट करत उभी राहिले. सगळ्यांच्या जोड्या झाल्या. उरलो मी आणि फोनवर बोलत लांब गेलेली एक मुलगी. ती धावत आली. “तू पण एकटी? सुटले बाई! मला वाटलं त्या काकांच्या गळ्यात पडते की काय.”

प्रज्ञा. निगडीची. डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर असते.

तिने माझ्या मांडीचा पट्टा ओढून बघितला, तेव्हा मी दचकले. “गुदगुल्या होतात?” तिने विचारलं. नाही म्हटलं. गुदगुल्या नव्हत्या. बऱ्याच दिवसांत कोणी हात लावला नव्हता, इतकंच.

रविवार, ६ एप्रिल

आज खालच्या माळावर नुसतं पळणं. विंग, म्हणजे तो कापडाचा मोठा पंख, मागे पसरायची, पळायचं, ती डोक्यावर आली की सावरायची. माझी डावीकडे कोसळायची. प्र.ची उजवीकडे. सर : “दोघी मिळून एक पायलट हाईत.” सगळे हसले, मीही. हसल्याचं स्वतःलाच कळलं, म्हणजे किती दिवसांनी.

जेवताना प्र.ने माझ्या डब्यातलं सगळं थालीपीठ संपवलं, न विचारता. वर म्हणाली, “मीठ कमी आहे गं. पुढच्या वेळी बघ.”

पुढच्या वेळी.

मंगळवार, ८ एप्रिल

चाकण. पहिली शिफ्ट. तपासणीत पार्टची एक अख्खी पेटी रिजेक्ट केली. भोकात गेज, माप बघायची कांडी, जाते, पण अडकून जाते. लाइनवरचा पवार म्हणाला, “मॅडम, सोडा ना राव. गाडी काय त्या भोकातून पळणार आहे का?” सोडलं नाही. कँटीनमध्ये माझ्या टेबलावर कोणी बसलं नाही. नवीन काही नाही.

पुनावळ्याला फ्लॅटवर दोघी रूममेट आपापल्या खोलीत, हेडफोन लावून. मी प्र.ला मेसेज केला, ‘थालीपिठाला आता मीठ बरोबर.’ तिने हसण्याचे चेहरे पाठवले, भरपूर. परत परत बघितले. वेडी आहे मी.

शुक्रवार, ११ एप्रिल

प्र.चा फोन. (मेसेज नाही, फोन!) रविवारी आमचं पहिलं एकटीचं उड्डाण. तिचे पप्पा बघायला येणार आहेत. भोसरीच्या कंपनीतून रिटायर झालेले, ‘मुलीच्या जातीने हवेत कशाला जायचं’ म्हणून महिनाभर अबोला धरला होता. आता स्वतःहून म्हणाले, येतो. “पप्पा एकदाच येतील गं. मूड गेला की गेला. त्यांनी बघायला पाहिजे बस.”

मग म्हणाली, “आणि सोमवारी जयंती. घरी ये संध्याकाळी. मम्मी खीर करते. येशील ना?”

येईन म्हटलं. फोन ठेवल्यावर पांढरा कुर्ता इस्त्रीला काढला. शुक्रवारीच.

रविवार, १३ एप्रिल

काय झालं ते सरळ लिहून काढते.

सकाळपासून वारा नव्हता. डोंगरावर सगळे बसून. पप्पा खाली उतरायच्या शेतात, बाभळीच्या सावलीत, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. वरून ठिपक्याएवढे दिसत होते. प्र. दर थोड्या वेळाने हात हलवत होती. तेही छत्री हलवत होते.

चार वाजता वारा आला. समोरून, एकसारखा, हवा तसा. सर म्हणाले, “पर्ज्ञा पयली, मग तू.” मी तिचे पट्टे बघितले. मांडीचे दोन्ही, छातीचा, हेल्मेट. सगळं ठीक. मग मागे जाऊन दोऱ्या बघितल्या. डाव्या हाताच्या ब्रेकची दोरी दुसऱ्या दोऱ्यांवरून आडवी गेल्यासारखी वाटली. गवतात होती. ऊन डोळ्यांवर. वाकून बघणार तोवर सर म्हणाले, “तयार?” आणि प्र.ने एक पाऊल पुढे टाकलं.

मी ओरडले, “थांब!”

थांबली. सरांनी नियमाप्रमाणे तिला सोडवलं, विंग उचलून नव्याने मांडायला लावली. उचलल्यावर दोऱ्या आपोआप सुट्या होतात, त्यामुळे ती खरंच अडकली होती की नव्हती, ते आता कोणालाच सांगता येणार नाही. सरांनाही नाही. मलाही नाही.

पुन्हा मांडून होईपर्यंत वारा फिरला. मागून यायला लागला. मागच्या वाऱ्यात उडत नाहीत. आम्ही तिथेच उभ्या. सूर्य कलला. खाली ठिपका उठला, छत्री मिटली, रस्त्याकडे चालायला लागला.

प्र. रस्त्याकडेच बघत होती. मी म्हटलं, “सॉरी.” ती म्हणाली, “नियमच आहे ना.” जीपमध्ये पुढे बसली. मी मागे.

सर उतरताना म्हणाले, “बरोबर केलंस.” पण ते तसं सगळ्यांनाच म्हणतात.

सोमवार, १४ एप्रिल

सुट्टी. सकाळपासून फोनकडे बघते आहे. बोलावणं अजून आहे की नाही?

तिने ‘येऊ नकोस’ म्हटलेलं नाही. ‘ये’ असंही परत म्हटलेलं नाही. न जावं तर म्हणेल, आली नाही. जावं तर म्हणेल, हिला कळत कसं नाही.

(रात्री) पांढरा कुर्ता घालून गेले. पेढ्यांचा पुडा घेतला. निगडीच्या स्टँडवर उतरले. सगळीकडे निळे झेंडे, ढोल, नव्या कपड्यांतली पोरं, पाण्याचे आणि सरबताचे स्टॉल. एका आजींनी हाताला धरून सरबत दिलं. “पी बाळा, उन्हाची आलीस.” प्यायले. पत्ता विचारायला फोन करायचा होता. पप्पा घरी असतील, दार तेच उघडतील, हे सारखं डोळ्यांपुढे येत होतं. त्यांना काय सांगणार, मी कोण?

सरबताचा ग्लास परत दिला आणि समोर आलेल्या परतीच्या बसमध्येच चढले. पेढे रूममेटनी खाल्ले. एकीने विचारलं, “कशाचे?” मी म्हटलं, “असेच.”

प्र.चा मेसेज नाही. मीही केला नाही.

शनिवार, १९ एप्रिल

कामशेतला गेले नाही. सरांचा फोन येऊन गेला : “मे म्हैन्यात वारा लई तापतो, नवख्यांना बंद. सत्तावीसला शेवटचा रविवार. या दोघी.” प्र. येणार का, विचारलं. “तिला तूच इचार की. जोडीदार कुनाची हाय?”

विचारलं नाही.

आईचा फोन. “काय करायलीस गं? आवाज का बसलाय?” आणि मी सगळं सांगून टाकलं. डोंगर, विंग, प्रज्ञा, दोरी. मला वाटलं आई आता हवेत उडण्यावरून बोलणार. पण म्हणाली, “दोरी आडवी होती का?”

“माहीत नाही.”

“माहीत न्हवतं तर थांबवलंस ते बरंच. पण मग त्या पोरीला जाऊन सांगायचं न्हाई का, की मला माहीत न्हाई म्हणून?”

मग उडण्यावरूनही बोललीच. पाऊण तास.

रविवार, २७ एप्रिल

प्र. आली होती. स्टेशनवर नाही, थेट डोंगरावर, रिक्षाने. मला बघून मान हलवली. सरांनी विचारायच्या आधीच माझ्याजवळ येऊन पट्ट्यांचं हार्नेस ठेवलं. बोलणं नाही. बाकीच्यांची उड्डाणं गेल्या आठवड्यातच झालेली, आम्ही दोघीच राहिलेल्या.

वारा नव्हता. दुपारभर करवंदीच्या जाळीशेजारी बसून.

शेवटी तीच म्हणाली, “खीर ठेवली होती तुझ्यासाठी. मम्मी दोनदा विचारत होती.”

मी सांगितलं, आले होते. स्टँडपर्यंत.

तिने माझ्याकडे असं बघितलं की आता हसेल. हसली नाही. “स्टँडपर्यंत? आणि मग?”

“परत गेले.”

“काय माणूस आहेस तू!” मग थोडं थांबून, “खरं सांग. दोरी अडकलेली होती का?”

“माहीत नाही. दिसल्यासारखं वाटलं. नक्की नाही सांगता येत.”

“पप्पांना मी सांगितलं, अडकली होती म्हणून. मैत्रिणीने वाचवलं म्हणून. ते काय म्हणाले माहितीये? म्हणजे सामानच खराब आहे, परत जायचं नाही. आज मावशीकडे जाते म्हणून आलेय.” गवताची काडी मोडत होती. “तू निदान खोटं तरी बोलायचंस. ‘हो, अडकली होती.’ मला तरी बरं वाटलं असतं.”

मला ते जमलं नाही. आत्ताही जमलं नाही. तिच्या तोंडाकडे बघत होते, शब्द अगदी ओठांवर होते. तरी म्हटलं, “नाही माहीत गं.”

ती उठून लांब जाऊन बसली.

ऊन उतरता उतरता सर ओरडले. वारा आला होता, पण थोडाच टिकणार. “एकीलाच जमंल. पर्ज्ञा, तू. चल, बिगी बिगी.”

विंग मांडली. ती बांधून उभी राहिली. मी मांडीचे पट्टे ओढले, एक, दुसरा. छातीचा. हेल्मेट. मागे गेले. या वेळी गुडघ्यांवर बसून, प्रत्येक दोरी बोटाने उचलून बघितली. डावी बाजू सुटी. उजवी सुटी. ब्रेक सुटे. तरी छातीत धडधड होतीच. मग लक्षात आलं, ही धडधड माझी रोजची आहे, गेज लावतानाची, दाराचं कुलूप ओढून बघतानाची. दोऱ्यांमध्ये काही नव्हतं.

“सांग,” प्र. पुढे बघतच म्हणाली.

“ठीक आहे. जा.”

“नक्की?”

“नक्की.”

पळाली. विंग डोक्यावर सरळ आली, ना उजवीकडे ना डावीकडे, आणि तिचे पाय गवतावरून सुटले. तरी थोडा वेळ हवेतच पळत होते. मी तिथेच बसले. सर वॉकीटॉकीवर ‘डावीकडं, बास, आता सरळ’ सांगत होते. ती शेतावर वळसा घेऊन अलगद उतरली. बाभळीखाली कोणी नव्हतं.

मग वारा पडला. माझं राहिलंच. सर म्हणाले, “पावसानंतर ये. फुकट न्हाई जायचं तुझं.” आम्ही जीपने खाली आलो.

शेतात ती नव्हती. शेतवाल्याने सांगितलं, घरून फोन आला, पळतच रस्त्यावर गेली, टमटम मिळाली. विंग मात्र तिथेच पसरलेली. विंगची घडी दोघांनी घालायची असते, दोन्ही टोकांकडून मधे. तिने तिच्या बाजूची अर्धी घडी घातलेली, अगदी नीट, वाऱ्याने उलगडू नये म्हणून वर दगड ठेवलेला. दुसरी बाजू तशीच.

“घाईत गेली आसंल,” सर म्हणाले. त्यांनी वाकून घडी उचलायला हात घातला. मी म्हटलं, “राहू द्या सर, मी घालते.”

दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली. गवत झाडत, हवा काढत. मधे पोचेपर्यंत अंधारायला लागलं होतं. माझी बाजू तिच्यापेक्षा थोडी जाड झाली. ती उलगडून परत घातली.