हा अध्याय बैठकीत वाचत नाहीत

ता. १४ जून, गुरुवार

बाबू,

आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, त्याला कोण विचारतं. शिंप्याने शर्टांचा नवा ढीग आणून टाकलाय. काजं मी करते, बटणं तुझी लेक लावते. हात चांगला आहे तिचा. जेवते मात्र चिमणीएवढं. सुटी आहे म्हणून आले म्हणाली, मीही फार खोदलं नाही.

फोन केला असता, पण फोनवर तू नुसता हं हं करतोस.

काल बायकांच्या बैठकीत बायबल वाचायची पाळी माझी होती. म्हातारपणी अक्षरं जुळवायला शिकले, माझं वाचन सगळं बोटाखालचं. बाकीच्या हवं ते पान काढतात, रूथ काय, एस्तेर काय. मला ते जमत नाही. खुणेचा दोरा ठेवला असेल तिथून पुढे. तसं करत बायबलातलं शास्त्यांचं पुस्तक संपवलं. त्यात एक बाप देवाला नवस बोलतो आणि जीव जातो पोरीचा. बापाचं नाव छापलंय, पोरीचं नाही! बैठक घेणाऱ्या पाळकबाईंना म्हटलं, "नवस याचा, मान तिची, हा कुठला न्याय?" म्हणाल्या, "आजी, ते गूढ आहे." गूढ कसलं डोंबलाचं!

तर काल दोरा होता दावीद राजाच्या घरात. तामार त्याची मुलगी. तिचा सावत्र भाऊ आजाराचं सोंग करून पडतो आणि बापाला म्हणतो, तिला पाठवा, तिच्या हातचं खाईन. बाप पाठवतो. पोळ्या झाल्या, खोलीतली माणसं बाहेर काढली, इथवर आले आणि पाळकबाई खाकरल्या.

"आजी, हा अध्याय आपण बैठकीत वाचत नाही."

"मग छापलाय कशाला?"

बायका तोंड दाबून हसल्या. मी वाचत राहिले. मधेच सोडलं की मला ओळ सापडत नाही. त्याने तिचं वाटोळं केलं, वर तिलाच हाकलून दार लावून घेतलं. तिचा सख्खा भाऊ तिलाच सांगतो, गप्प राहा, तो तुझा भाऊच आहे. आणि राजा? राजाला फार राग आला. मी बोट पुढे नेलं. पोरीसाठी पुढे काही नाही. राग आला, झालं.

मान वर केली तर माझ्याबरोबर आलेली तुझी लेक मागच्या बाकावर नव्हती. बाहेर नळाखाली हात धरून उभी होती, नळ सोडलेला. घरी येताना बोलली, चालता चालता, माझ्याकडे न बघता. आत्याकडे शिकायला ठेवलीस ना तिला? आत्याचा मुलगा.

हे लिहायला नको वाटत होतं. लिहिलं.

मग म्हणाली, "बाबांना सांगितलंय मी."

तुला ठाऊक होतं! तू म्हणालास म्हणे, मला फार राग आलाय, पण घरातली गोष्ट आहे, आजीकडे राहा थोडे दिवस. अरे, तुझा राग काय चाटायचाय तिने? तो पोरगा तिथे तीन वेळा गिळतोय आणि ही इथे बटणं लावतेय. माझं घर काय फडताळ आहे, नको ते झाकून ठेवायला?

आज सकाळी तुझ्या बहिणीला फोन केला. रडली. "आई, तोही तुझाच नातू."

"आहे ना. त्याचं पहिलं अंगडं मीच शिवलं."

"लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील ते म्हणतील. तू काय म्हणतेस?"

तिने फोन ठेवला.

सोमवारी सकाळी तुझी लेक आणि मी पोलीस चौकीत जाणार. ठरवलं तिने. मी एवढंच विचारलं, बरोबर येऊ का? तर म्हणते, "ये, पण तिथे मधे मधे बोलू नकोस." माझ्यावरच गेलीय कार्टी.

तुला यायचं तर ये. तिच्या शेजारच्या खुर्चीत बसायला ये. तिची समजूत काढायला येणार असशील तर तिकिटाला पैसे घालू नकोस, मी दार उघडणार नाही. रविवारपर्यंत वाट बघेन. त्यानंतर बघणार नाही.

तिची आजी,
आणि अजून तरी तुझी आई