भाचीच्या यंत्रात सापडलेला मामा

तीर्थरूप ताईस, धाकट्याचा तंबूतून साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे, भावोजींचा रक्तदाब आणि तुम्हा दोघांचा अबोला यथास्थित असेलच. माझी प्रकृती उत्तम. अब्रू तेवढी गेली. गेले नऊ दिवस मला सकाळी फिरायला बंदी आहे! (पन्नाशीतल्या माणसाने आणखी कसली चैन मागायची?) बंदी घालणारी तुझी लेक.

तिला घरी आण म्हणून तू मला या डोंगरात धाडलंस. मोठ्या भूकंपाला महिना होऊन गेला, तरी मागाहूनचे धक्के चालूच आहेत. पडक्या शाळेच्या अंगणात भाचीने खड्डा खणून भूकंपमापक पुरलाय (आणखी तीन आसपासच्या डोंगरांवर). आल्यापासून मी पहाटे त्याच्याभोवतीच फेऱ्या मारत होतो (सपाट जागा तेवढीच). पाचव्या दिवशी तिने पडद्यावरच्या रेघा दाखवल्या. "मामा, हा धक्का रोज सहाला येतो, वीस मिनिटं टिकतो आणि मध्ये एकदा शिंकतो. जमीन एवढी शिस्तीची नसते." मागे उभा असलेला गवंडी म्हणाला, "साहेब, तुम्ही बसूनच राहा. आमच्या भिंती कच्च्या आहेत."

परवा खरा धक्का आला. मी उशी डोक्यावर घेऊन बाहेर. ही घड्याळ धरून पहिला हिसका आणि मोठा हादरा यांच्यातले सेकंद मोजतेय! "चार. म्हणजे तीसेक किलोमीटरवर." मग गाव जमला. थंडीआधी घरं उभी करायची, पूर्वेच्या उतारावर पाया आखायच्या दोऱ्याही लावून झालेल्या. गवंड्याने विचारलं, "पुढचा कधी, ताई?"

"माहीत नाही. कुणालाच सांगता येत नाही. आजचा लांबचा होता, पण रोजच्या बारीक धक्क्यांचे हे ठिपके बघा, सगळे त्या उताराखाली. यंदा तिथे भिंती नकोत."

ताई, पंचवीस वर्षांच्या नोकरीत 'माहीत नाही' इतक्या स्वच्छ आवाजात मी ऐकलेलं नाही. (आमच्याकडे 'प्रकरण विचाराधीन आहे' म्हणतात.) गवंडी उठला. दोऱ्या गुंडाळल्या आणि पश्चिमेला जाऊन खुंट्या ठोकू लागला.

तुझा,
धाकटा

ता. क. लेक येत नाही. ठिपके अजून पुरे झालेले नाहीत, आणि पश्चिमेचा भरवसा त्यांच्यावरच आहे.

ता. क. २. मीही येत नाही. माझ्या ऑफिसात दोन महिन्यांच्या रजेचा अर्ज दे. कारण 'कौटुंबिक अडचण'. अडचण अशी, की यंत्रांच्या बॅटऱ्या वाहायला माणूस नाही.

ता. क. ३. भूकंपाच्या या शिक्षणाला भावोजींनी नकार दिला आणि पोरीचं एक वर्ष गेलं. त्यांच्या कानाशी तेव्हा मीच लागलो होतो. आज तिला सांगून टाकलं. पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "माहीत आहे, मामा. आता हलू नकोस, धक्का उमटतोय."

मी हललो नाही.