बिनचिठ्ठीच्या बरण्या

३ नोव्हेंबर

आजचा काढा मोरीत. मोरी तरी निरोगी राहील!

बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, विचारलं, "घेतलास?" मी म्हटलं, "हो, तेव्हापासून कशी तरतरी आलीय!" वीस वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरला उभी राहून एवढं खोटं बोलायला शिकले आहे.

४ नोव्हेंबर

स्वयंपाकघरातल्या फडताळाचे तीन खण त्यांच्याकडे, दीड माझ्याकडे. तीन खणांत एकोणीस बरण्या. सगळ्या एका मापाच्या, आत सगळी मातकट चूर्णं, आणि एकीवरही चिठ्ठी नाही! ज्येष्ठमध कुठलं, सुंठ कुठली, ते फक्त त्यांना ठाऊक. मी चिठ्ठ्या लावते म्हटलं की ठरलेलं उत्तर — "चिठ्ठी त्याला लागते, ज्याला नाक नाही."

आता यावर काय बोलणार? चौतीस वर्षं साबणाच्या कारखान्यात वास घ्यायच्या खात्यात होते. यांनी हुंगून मान डोलावल्याशिवाय एक वडी बाहेर पडत नसे. अख्खी इमारत त्यांना नाकसाहेब म्हणते, आणि ते ऐकून हे नाक आणखी वर करतात. सकाळी दारात रांग. कुणाचा खोकला, कुणाचं पोट, कुणाची झोप. मी दिवसभर गोळ्या विकते आणि माझ्याच घरात हे! आमच्या दुकानाचे शेठ म्हणतात, दिव्याखाली अंधार.

६ नोव्हेंबर

दूध करपलं. करपलं म्हणजे काय, पातेलं काळं ठिक्कर. मला जिन्यातच वास आला. आणि बाबा त्याच ओट्याजवळ पेपर घेऊन बसलेले! म्हटलं, "नाक काय गहाण टाकलं होतं?" म्हणाले, "शब्दकोडं सोडवत होतो." कोड्याचे चार चौकोन भरले होते. पातेलं अजून घासतेय.

९ नोव्हेंबर

सुट्टी. फडताळ धुतलं. बरण्यांच्या गळ्यांत बाबांनी रंगीत दोरे बांधलेत — कुठे लाल, कुठे दोन गाठींचा निळा. कधीपासून कोण जाणे. म्हातारपणी हौस! तेलकट होऊन चिकटले होते. सगळे सोडले, साबणात बुडवले, वाळवले आणि परत बांधले, जिथे जो शोभेल तिथे. लाल-पिवळा शेजारी शेजारी छान दिसतात.

बाबा फिरून आले. "फडताळ चकचकीत केलंस गं!" लग्नानंतरचं तिसरं कौतुक. नोंद करून ठेवते.

१० नोव्हेंबर

काढा मोरीत. आज वास जरा वेगळाच होता. मोरीची तक्रार नाही.

११ नोव्हेंबर

नवऱ्याचा घसा बसला. लोकांना मोटार चालवायला शिकवतो, दिवसभर "ब्रेक! ब्रेक!" ओरडून दुसरं काय होणार? मी गोळी काढली, तर नको म्हणाला. बापाचा लाडका! जेवणानंतर बाबांनी ज्येष्ठमधाचं चूर्ण दिलं, कोमट पाण्यात चांगलं दोन चमचे. बरणी नाकाशी धरली, डोळे मिटले, मान डोलावली. सगळा सोहळा. याने नाक दाबून गटकन पिऊन टाकलं.

माझ्या वेळीही असंच. दोन वर्षांपूर्वी मला तो साथीचा ताप आला, तेव्हा लागण नको म्हणून नवऱ्याला नणंदेकडे धाडलं होतं. बाबा मात्र हटले नाहीत. नऊ दिवस उशाशी बसून दर तीन तासांनी काढा! मी शिव्या द्यायचे, ते चमचा पुढे करायचे. बरी झाले गोळ्यांनी, श्रेय लाटलं काढ्याने.

१२ नोव्हेंबर

हसून हसून पोट दुखलं. माझं एका कारणाने, नवऱ्याचं दुसऱ्या!

ज्येष्ठमध नव्हतंच ते. सोनामुखी — जुलाबाची! सकाळी दहा वाजता भर चौकात, शिकाऊ बाई स्टिअरिंगवर, आणि याच्या पोटात पहिली कळ. बाई इतकी घाबरट की गाडी वीसच्या वर नेईना. हा बसलेल्या घशाने ओरडतोय, "दाबा! अहो, दाबा!" तिला वाटलं, परीक्षा चाललीय. शेवटी पेट्रोल पंपावर दार उघडून हा पळाला तो पळालाच. बाई म्हणे तिथून एकटीच गाडी घेऊन घरी गेली. सहा महिन्यांत पहिल्यांदा, न घाबरता!

रांगेतल्या बाकीच्यांना काय काय गेलं देव जाणे. खालची शिंपीणबाई खोकल्याचं म्हणून घेऊन गेली होती, ती दोन दिवस गाढ झोपतेय. खोकला आहे तसाच.

संध्याकाळी नवरा म्हणाला, "बाबा, रविवारी सगळ्या बरण्या कचऱ्यात. आज मी होतो. उद्या कुणा म्हातारीला असलं काही दिलंत तर?" बाबा ताटातला घास इकडून तिकडे फिरवत राहिले. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं — तीन खण मोकळे! नाही वाटलं.

१३ नोव्हेंबर

एक गोष्ट डोक्यातून जाईना. सोनामुखी आणि ज्येष्ठमध! सर्दीने नाक चोंदलेलं असताना मलासुद्धा फरक कळेल. यांना कळला नाही? दोरे मी इकडचे तिकडे केले, कबूल. पण हे दोऱ्यांवर कधीपासून चालायला लागले?

दुकानातून पायाच्या बुरशीवरची पावडर आणली. कापराचा असा भपका की डोळ्यांत पाणी यावं. रिकाम्या बरणीत भरली. गळ्यात निळा दोरा, दोन गाठी. "बाबा, हे बघा बरं, चांगलं आहे का?"

गाठी बोटाने चाचपल्या. बरणी नाकाशी धरली. डोळे मिटले. मान डोलली.

"ओवा. उत्तम प्रतीचा."

मी हसणार होते. तोंड उघडलंही होतं. पण मेलं रडूच आलं!

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि बरणी खाली ठेवली. "काय आहे आत?" सांगितलं. "पायाची?" म्हणाले. मग दोघंही वेड्यासारखे हसलो. हसून झाल्यावर म्हणाले, "साधा गुलाबही येत नाही गं. काहीच येत नाही." कधीपासून, तर म्हणे, "झाले काही दिवस. कुणाला बोलू नकोस. नाकसाहेबाचं नाक गेलं, म्हटल्यावर उरलं काय?"

१४ नोव्हेंबर

भांडले. म्हटलं, लोकांच्या पोटाशी खेळ नाही चालणार. दारातली रांग बंद. प्रत्येक बरणीला चिठ्ठी. आणि डॉक्टरला नाक दाखवायचं! रांग बंद म्हटल्यावर चेहरा एवढासा झाला. मग हळूच, "घरापुरतं?"

घरापुरतं चालेल, पण वास मी घेणार. तयार झाले. एकच अट घातली — "डॉक्टरकडे आत मी एकटा जाणार." असली कसली लपवाछपवी! नाकच दाखवायचंय ना?

१६ नोव्हेंबर

रविवार. नवरा कचऱ्याची पिशवी घेऊन फडताळासमोर. मी आडवी उभी राहिले. "दोरे मी बदलले. चूक माझी. बरण्यांना हात लावायचा नाही." हा बघतच राहिला. "तू? तू यांची बाजू घेतेस?" आज सूर्य कुठून उगवला वगैरे झालं. बाबा उगाच चष्मा पुसत होते.

दुपारभर बसून चिठ्ठ्या लिहिल्या. मी हुंगायचं, ते विचारणार, "आधी गोडसर येतो का? आणि मागून तुरट?" मला नुसत्या शिंका! ओव्याला मी बडीशेप म्हटलं तर कपाळाला हात लावला. "शिकशील हळूहळू." एकोणीस बरण्यांना अडीच तास. विसावीवर मी मोठ्या अक्षरात लिहिलं : पाय.

१९ नोव्हेंबर

शिंपीणबाई दारात. "ते झोपेचं खोकल्याचं परत द्या ना!" हाकलली. प्रेमाने.

२१ नोव्हेंबर

कान-नाक-घशाचे डॉक्टर. मी बाहेर पंचवीस मिनिटं टाकीतले मासे बघत. बाबा आले, चिठ्ठीच्या चार घड्या करून खिशात. "काय म्हणाले?" "वय म्हणाले." एवढंच! पुढे चालायला लागले.

काढा अजून मोरीतच जातो. माया वेगळी, जीभ वेगळी.

२२ नोव्हेंबर

सकाळी बाबांनी डॉक्टरची चिठ्ठी दिली. "खालचा नाकातला फवारा तेवढा आण. वर काय खरडलंय ते ब्रह्मदेवालाही वाचता यायचं नाही." अगदी निर्धास्त! वीस वर्षं मी त्या काउंटरला दुसरं काय करतेय?

वर लिहिलं होतं : "वास पूर्ण गेला, दोन वर्षे. सुनेच्या तापात शुश्रूषा करताना लागण. सुनेला कळू देऊ नये, ही रुग्णाची विनंती."

फवारा आणायचा राहिला. घरी आले. सकाळचा काढा ओट्यावर झाकलेला तसाच होता, थंडगार. उभ्या उभ्या प्यायले. सगळा.

बाबांनी विचारलं, "घेतलास?" म्हटलं, "घेतला. सुंठ जास्त झालीय." खरंच झाली होती.