एलेउतेरियोचा पत्ता

३ मार्च
पोचले एकदाची खाणीवर! वाळवंटातल्या रस्त्याने हाडं खिळखिळी झाली, पण मी खूश आहे. माझा धाकटा भाऊ सेफेरिनो इथेच बोगद्यात काम करतो. फाटकावर पाव आणि अवोकाडो घेऊन उभा होता. मला चिडवत म्हणाला, दानिसाबाई गारव्यात बसून पगार खाणार आणि आम्ही खाली धूळ खाणार.

बाहेरच्या जगाशी काडीचा संबंध नसलेले सर्व्हर मी सांभाळायचे. बोगद्यांतले पंखे, पंप, माणसांना वर-खाली नेणारा पाळणा सगळं त्यांच्यावर चालतं. यंत्राचं नाव सांगितलं की त्यांतला डीएनएस नावाचा सर्व्हर त्याचा जाळ्यातला पत्ता देतो. पत्ता मिळाला नाही की यंत्र ठप्प. इथे प्रत्येक यंत्राला खाणीत मेलेल्या माणसाचं नाव देतात. मुकादम निबाल्दो, ज्यांना इथे सगळे मानाने डॉन म्हणतात, म्हणाले, बिचाऱ्यांना रोज कुणीतरी हाक मारावी म्हणून.

७ मार्च
डीएनएस रडतोय. पत्ते उशिरा देतो, कधी देतच नाही. दिवसभर उपसाउपशी केली तेव्हा कळलं, भंगारात गेलेल्या एका पंपाचं नाव अजून तसंच होतं, एलेउतेरियो. पुसून टाकलं. लगेच सुरळीत. पाठीचा पार भुगा झालाय.

१० मार्च
कुणीतरी एलेउतेरियोचा पत्ता विचारतंय. सारखं. एकेक यंत्र तपासलं, कुणीच विचारत नाही. विचारणा येते ती एका जुन्या, बुजवलेल्या बोगद्यातून, आणि तिथली तार कधीच कापली आहे.

चहाला डॉन निबाल्दोंना सांगितलं तर त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, अगं पोरी, पुसलंस कशाला? यंत्र मोडलं तर नाव दुसऱ्या यंत्राला द्यायचं असतं, माणसाला बेघर नाही करायचं! मला हसू आलं. मग आलं नाही.

१२ मार्च
नाव परत घातलं. टिकत नाही. जुना पत्ता नको असावा त्याला. आज रोसेंदो नावाच्या पंख्याला हाक मारली, उत्तर आलं एलेउतेरियोचं. पंखा बंद. माणसं धापा टाकत वर आली.

डॉन निबाल्दो म्हणतात, कुणाचंच नाव नसलेलं कोरं यंत्र द्यावं लागेल. शहरातून मागवलंय. तसं माझ्या टेबलावरचं आहे, पण त्याला माझं नाव आहे. त्याला हात लावायचा नाही, ते जिवंत माणसाचं आहे, असं त्यांनी दोनदा बजावलं.

झोप नाही. डोळे चुरचुरतात.

१३ मार्च
आणखी दोन पंखे गेले. दोन्हीकडून एलेउतेरियो.

१४ मार्च
पाळणा अडकला. सेफेरिनो खाली— हवा संपत आलीय— फोनवर नुसता खोकतोय. कोरं यंत्र अजून वाटेतच. मला भीती वाटते, पण तो माझा भाऊ आहे.

टेबलावरच्या यंत्रावरून माझं नाव पुसलं. त्या जागी एलेउतेरियोचं घातलं.

पंखे फिरले. सगळे.

१४ मार्च, नंतर
सेफेरिनो वर आला. जिवंत! मी धावत जाऊन मिठी मारली. तो अंग चोरून उभा राहिला. म्हणाला, काका, तुम्ही कोण? माझी बहीण कुठे आहे?

डॉन निबाल्दोंनी टोपी काढली. माझ्याकडे बघेनात.

डीएनएसला माझं नाव विचारलं. असं कुणी नाही म्हणतो— पुन्हा विचारलं— नाही—

सेफेरिनो बाहेर हाका मारत फिरतोय. बहिणीच्या नावाने. मला ऐकू येतं, पण ते नाव— धरता येत नाही—

इथे लिहून ठेवते, म्हणजे राहील. माझं नाव एले— नाही. नाही. माझं नाव